प्रेक्षक दिसत नाही, ऐकू येतो

आसनगावात राहून रॉक कॉन्सर्टला जायचं असेल तर गिटारचे कॉर्ड्स माहीत नसले तरी चालतील, रेल्वेचं टाइमटेबल मात्र पाठ पाहिजे. सीएसएमटीपासून आपलं स्टेशन साधारण ८५ किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी दोन तास गेलेच. मुंबईच्या मुली कॉन्सर्टला काय घालायचं याचा आठवडाभर विचार करतात. आम्ही परत कसं यायचं याचा करतो. शेवटची कसारा चुकली की डोंबिवलीच्या मावशीला पर्याय नाही. (हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीला देवाने डोंबिवलीत एक मावशी दिलेली असते. जिला दिलेली नाही, ती मैत्रिणीची वापरते.)

तर गेल्या वर्षी असाच नाइट-आउटचा फॉर्म भरताना ‘कारण’ या रकान्यात मी सरळ ‘रॉक कॉन्सर्ट’ असं लिहिलं. रेक्टर मॅडमनी चष्मा खाली ओढून आधी फॉर्म वाचला, मग मला वाचलं, आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही तिथे जाऊन नेमकं करता तरी काय? गाणी तर मोबाईलवरही ऐकू येतात.” सही मिळाली, पण उत्तर द्यायचं राहून गेलं. कारण तेव्हा मलाही ते धड माहीत नव्हतं. आता थोडं थोडं कळायला लागलंय. मॅडम, उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं सगळं शिक्षण नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. (या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मराठी विभागाच्या सरांच्या कृपेने आहेत.) आम्हाला शाळेत टाळ्या वाजवायलासुद्धा शिकवलं होतं. डाव्या तळव्यावर उजव्या हाताची तीन बोटं, तीही हळू. असेंब्लीत कोणी गायला लागलं की हाताची घडी, पाठ ताठ, आणि गाणं संपल्यावर पत्र्यावर पावसाचे चार थेंब पडावेत तशा टाळ्या. शिट्टी फक्त पीटीच्या सरांकडे असायची. त्यामुळे चांगला प्रेक्षक म्हणजे गप्प प्रेक्षक, हे माझ्या डोक्यात अगदी पक्कं बसलेलं.

हे डोकं घेऊन फर्स्ट इयरच्या डिसेंबरात मी पवईला गेले. आयआयटीचा मूड इंडिगो. १९७१ पासून चालू असलेला हा फेस्ट आपल्यासारख्यांसाठी फार सोयीचा, कारण रॉक ऐकायला खिसा रिकामा करावा लागत नाही. त्यातली ‘लाइव्हवायर’ ही रॉक बँडची स्पर्धा नावाजलेली. २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा बँड तिथे वाजवून गेला. आपले सीनियर्स हे असं सांगतात की जणू स्वतः पहिल्या रांगेत होते; हिशेब केला तर तेव्हा ते बालवाडीत असायला हवेत. असो. आसनगावहून फास्ट पकडायची, ठाण्याला उतरून स्लोने कांजूरमार्ग, तिथून रिक्षा. पाच जणी, एक रिक्षा, उरलेलं गणित विचारू नका.

मैदानात शिरलो आणि गाण्याच्या आधी मला गर्दीच ऐकू आली. बँड अजून वायरी जोडत होता, आणि तरी हजारेक पोरं ओरडत होती. ड्रमवाल्याने नुसतं ‘धप्’ केलं तरी ओरडा. माइकवर ‘चेक, चेक’ म्हटलं तरी ओरडा. मी हाताची घडी घालून उभी. मग गाणं सुरू झालं आणि समोर जे काही झालं ते बघून मैत्रिणीला म्हटलं, “अगं, मारामारी चालू झाली, चल मागे.” ती हसायला लागली. ते मॉशपिट होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाण्याचा जोरदार तुकडा आला की मधली पोरं मागे सरकून एक गोल मोकळा करतात आणि त्यात एकमेकांना खांद्याने धडका देत नाचतात. सगळे एकाच दिशेने गोल पळायला लागले की त्याला सर्कल पिट म्हणतात. लांबून बघितलं तर शुद्ध दंगल. पण वारली चित्रांमधला तारपा नाच आठवा. तोही गोलच आहे, आणि वाजवणाऱ्याने चाल वाढवली की नाचणाऱ्यांची चाल वाढते. फरक इतकाच की तारपावाला गोलाच्या आत असतो आणि आमचा बँड गोलाच्या बाहेर. आणि ती हाताची दोन शिंगं? ती खूण रॉनी जेम्स डिओ या गायकाने लोकप्रिय केली. आपली इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ती करायची, असं तो सांगत असे. म्हणजे आपलं तीट-काजळच की! घरी आईला हे सांगितल्यापासून ती माझ्या फोटोंवर चिडत नाही.

त्या रात्री गर्दीच्या एका लाटेने मी आत ढकलली गेले आणि माझा चष्मा उडाला. मायनस साडेचार नंबर. पुढचं सगळं धुकं, खाली शेकडो बूट. मी बहुतेक किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही, पण बाजूच्या एका दाढीवाल्या मुलाने ते उचललं आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “चष्मा! चष्मा!” त्याच्या पुढच्याने ओरडलं, त्याच्या पुढच्याने ओरडलं, आणि जे पोरगं सेकंदापूर्वी सांडासारखं धावत होतं ते जागच्या जागी थांबलं. गोल रुंदावला. पाच-सहा मोबाईलचे टॉर्च जमिनीवर लागले. चष्मा सापडला, एक काडी वाकडी. तो माझ्या हातात आला आणि पुढच्याच ठोक्याला पुन्हा धुमश्चक्री सुरू. वरती बँडला कळलंसुद्धा नसेल. पिटचा हाच फंडा आहे आणि तो कुठे लिहिलेला नसतो: कोणी पडलं की आधी ओरडायचं, मग उचलायचं, मग नाचायचं.

हे मी डोंबिवलीच्या मावशीकडे रात्री दीड वाजता पोहे खाता खाता सांगितलं. मावशी घाबरली, काका मात्र खुलले. बँकेत नोकरी करणारे, संध्याकाळी पेपर वाचून झोपणारे आमचे काका नव्वदच्या दशकात आय-रॉकला जायचे, हे मला त्या रात्री कळलं! इंडिपेंडन्स रॉक म्हणजे आय-रॉक. १९८६ मध्ये मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवनात सुरू झाला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचे दिवस, वर उघडं आकाश, म्हणजे पाऊस ठरलेला. “आम्ही भिजत उभे राहायचो,” काका म्हणाले, “आणि बँड आवडला नाही तर बिचाऱ्यांना बाटल्या खायला लागायच्या.” पुढे रंगभवनाच्या आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेजं असल्यामुळे ते शांतता क्षेत्रात गेलं आणि २००३ पासून तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. आय-रॉक दुसऱ्या मैदानांवर फिरला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ मध्ये पुन्हा झाला. काका गेले नाहीत. गुडघे.

शांतता क्षेत्राचा हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला: हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर. त्याच नियमांत रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हेही आहे. मुंबईतले रॉकवाले या दहाच्या काट्यावर जाम वैतागतात. आम्ही आसनगावकर मात्र मनातल्या मनात सरकारचे आभार मानतो. दहाला आवाज बंद झाला तरच आमची कसारा मिळते.

हा काटा फक्त रॉकला लागतो असंही नाही. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालायचा, त्यालाही वेळ आवरती घ्यावी लागली. माझे आजोबा सवाईला जात. त्यांच्या तोंडून तिथली वर्णनं ऐकताना मला वाटायचं, शास्त्रीय संगीताचा प्रेक्षक म्हणजे आमच्या असेंब्लीसारखाच असणार, चिडीचूप. एकदा मी तसं म्हटलं तर ते हसले. म्हणाले, “अगं, समेवर मान हलली नाही, ‘वा’ आली नाही, तर गाणाऱ्याला कळणार कसं की आपण त्याच्याबरोबर आहोत?” त्याच्याही आधी बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकं पहाटेपर्यंत लांबायची ती ‘वन्स मोअर’मुळे. आणि गंमत ऐका. इंग्रजी गाण्यांच्या कॉन्सर्टला परदेशात प्रेक्षक ‘एन्कोर’ म्हणून ओरडतात. आपल्याकडे पवई असो नाहीतर पुणे, अंगभर टॅटू काढलेली पोरं ओरडतात ती ‘वन्स मोअर’! आपल्या पणजोबांनी नाट्यगृहात रुजवलेला इंग्रजी शब्द आम्ही इंग्रजी बँडला मराठीतून परत करतो. कॉन्व्हेंटच्या मुलीला याहून मोठा आनंद काय असणार.

थोडक्यात, गप्प बसणं ही आपल्या प्रेक्षकांची रीत कधी नव्हतीच. ती माझ्या शाळेची होती.

आता थोडं इंजिनीअरिंग, नाहीतर एचओडी सर म्हणतील मासिकात टेक्निकल काही नाही. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं धरा, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. आता स्टेजपासून १७० मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला स्टेजवरचा ठोका बरोब्बर एक ठोका उशिरा ऐकू येतो. तो बिचारा तालात टाळी वाजवतो, पण ती स्टेजपर्यंत जायला आणखी एक ठोका. म्हणजे बँडला त्याची टाळी दोन ठोके शिळी मिळते. म्हणून मोठ्या मैदानात मागे स्पीकरचे वेगळे टॉवर उभे करतात आणि त्यांतून आवाज मोजून-मापून उशिरा सोडतात, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज कानावर एकत्र येतो. त्यातून आपल्या लोकांना सवय आरतीची, त्यामुळे रॉकमध्ये टाळी दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर पडायला हवी तिथे आपण पहिल्या-तिसऱ्यावर ठोकतो. पण तरी बँड खूश असतो. शिळी का असेना, चुकीच्या ठोक्यावर का असेना, पोचली ना?

न पोचणं म्हणजे काय असतं ते जानेवारी २०२५ मध्ये कळलं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले येऊन गेले. तिकिटाचे आकडे बघून आम्ही वेबसाइट अदबीने बंद केली. पण २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवणार होते. कॉमन रूममध्ये लॅपटॉप, वीसेक मुली, दोन किलो भडंग. तिकडे स्टेडियमभर लोकांच्या मनगटावरचे पट्टे एकदम रंग बदलत होते. आम्हीही ओरडलो, नाचलो, एक खुर्ची मोडली (ऑफिसने नोंद घेऊ नये). मजा आली, खोटं का बोला. पण गाणं संपल्यावर तो गायक लोकांकडे कान लावून थांबला तेव्हा आम्ही ओरडून काहीच फरक पडला नाही. चित्र सगळं दिसत होतं, आवाज फक्त एकाच बाजूने येत होता. मॅडम, तुमच्या ‘मोबाईलवर ऐकू येतं की’ला माझं उत्तर हे आहे. मोबाईलवर मला ते ऐकू येतात. त्यांना मी ऐकू जात नाही.

याचा अर्थ कॉन्सर्टमधला प्रत्येक आवाज चांगला, असं अजिबात नाही. सेकंड इयरला मुंबईतल्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. मुख्य बँडच्या आधी एक नवा बँड होता. गाणारी मुलगी, मराठी गाणं, गिटार जरा बेसूर लागलेली. दुसऱ्या कडव्याला मागून आवाज, “ओ ताई, बस करा!” मग मुख्य बँडच्या नावाचा घोष. मग पाण्याची अर्धी भरलेली बाटली. काकांच्या गोष्टीतली बाटली हसण्यावारी नेली होती, पण स्पीकरवर आपटताना तिचा आवाज वेगळा येतो. त्या लोकांनी दोन गाणी गाळली आणि वायरी गुंडाळल्या. घरी जाताना आमच्यापैकी एकीलाही त्या बँडचं नाव सांगता येईना. नाव त्यांनी सांगितलं असणार. ऐकू आलं नव्हतं.

त्याच गर्दीत एक हातही होता. मुलींना कुठला ते सांगायला नको. कसारा लोकलच्या लेडीज डब्यात कमावलेलं कोपर मी मागे मारलं, आणि नंतर मोठ्याने ओरडले, “ए, हात काढ!” ओरडण्याचा फायदा असा झाला की बाजूच्या दोन मुलांनी मान वळवली. बोलले काही नाहीत. नुसते सरकले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आमच्या मागे हातभर जागा तयार झाली. पुढचा तासभर ती जागा तशीच राहिली. कोण होते, कुठले होते, माहीत नाही. काळा टी-शर्ट तर तिथे सगळ्यांचाच असतो.

एकच बँड, एकाच आठवड्यात, दोन गर्दींपुढे कसा वेगळा होतो याचं उदाहरण २०११ चं आहे. मेटॅलिका पहिल्यांदा भारतात येणार होते. २८ ऑक्टोबरला गुडगावला पुढचं बॅरिकेड टिकेना म्हणून कार्यक्रम त्या दिवशी होणार नाही असं जाहीर झालं. लोक भडकले, स्टेजवर चढले, सामानाची मोडतोड झाली, आणि तिथला कार्यक्रम कायमचा बुडाला. दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड हजारो लोकांपुढे पूर्ण वाजवून गेला. गाणी तीच होती.

पण मला जास्त भीती वाटते ती चिडलेल्या गर्दीची नाही, न ऐकू येणाऱ्या गर्दीची. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात इंजिनीअरिंगच्या पोरांचाच टेक-फेस्ट होता. संध्याकाळी खुल्या नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम. सुरू व्हायच्या आधी पाऊस आला, बाहेरची मंडळी आत धावली, दाराशी उताराच्या पायऱ्या. चार जण गेले. आपल्याच वयाचे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली, तिथेही पाऊस आणि तिथेही जिना. अशा प्रत्येक वेळी मागच्यांना पुढे काय झालंय याचा पत्ता नसतो. मागचा माणूस दुष्ट नसतो. त्याला फक्त एक पाऊल पुढे जायचं असतं. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसांच्या वर गेलं की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, लाटा येतात, पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. तेव्हा पुढून मागे जाऊ शकते अशी एकच गोष्ट असते. आवाज. “थांबा, कोणीतरी पडलंय!” हे एकाने ओरडून भागत नाही, मागच्याने मागच्याला द्यावं लागतं. चष्म्यासारखं.

आपल्या लोकलच्या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. हा शब्द ऐकून मला उगाचच अभिमान वाटला होता, कारण तो एखाद्या मेटल बँडच्या नावासारखा आहे. पण विचार करा, त्या गर्दीत आपण रोज जिवंत कसे उतरतो? बोलतो म्हणून! “कल्याण?” “नाही, ठाणा.” “मग मागे व्हा.” “ताई, पुढे कोण उतरणार आहे?” टिटवाळ्याला चढणाऱ्या बाईची पिशवी डोक्यांवरून पास होते. रॉकवाले याला क्राउड सर्फिंग म्हणतात, आमच्याकडे भाजीची पिशवी रोज करते. कसारा लाइनवर वाढलेल्या माणसाला कॉन्सर्टचं वळण वेगळं शिकवायला लागत नाही. फक्त तिथेही तोंड उघडायची लाज वाटून चालत नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याकडे येते. आपलं गॅदरिंग.

मागच्या वर्षी बॉइज हॉस्टेलच्या चौघांचा बँड होता, आठवतोय? सबमिशनच्या आठवड्यात बादल्या बडवतात म्हणून ज्यांची तक्रार गेली होती, तेच. गायकाचं नाव लिहीत नाही, त्याने बजावलंय. मुरबाडकडचा आहे. गाणं शिकला ते गावच्या भजनी मंडळात. इंग्रजी गाणं गातानाही त्याची एक तान बुवांची निघते आणि तीच मला फार आवडते. मी त्या दिवशी निवेदनाला होते, म्हणजे स्टेजच्या कडेला. तिथे उभं राहिल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा समजली. तुम्ही खालून स्टेजकडे बघता तेव्हा सगळं लख्ख दिसतं. स्टेजवरून खाली बघितलं तर तोंडावरच्या लाइटमुळे पहिल्या तीन रांगा दिसतात. पुढे अंधार. तिथे पाचशे माणसं आहेत की पाच, हे डोळ्यांना कळत नाही. वाजवणाऱ्याला प्रेक्षक दिसत नाही. ऐकू येतो.

आणि त्या दिवशी ऐकू काय आलं? दुसऱ्या गाण्यापासून “डीजे! डीजे!” डावीकडच्या कोपऱ्यातून. दहा पोरं असतील. मी कडेला होते म्हणून मला तेवढं दिसलं. पाच गाण्यांपैकी अडीच झाली आणि गायकाने माइक स्टँडला लावला. बारा मिनिटं. मग डीजे लागला आणि सगळे नाचले.

पुढच्या आठवड्यात मेसच्या रांगेत, लॅबमध्ये, लायब्ररीच्या जिन्यावर लोक मला सांगायला लागले, “यार, ते दुसरं गाणं सॉलिड होतं. का थांबले?” मला सवय आहे, मी मोजले. अकरा जण. ओरडणारे दहा होते, आवडलेले निदान अकरा. बहुमत बँडचं होतं, पण मतदान झालंच नाही. आवडलेले अकराच्या अकरा जण हाताची घडी घालून उभे होते. आमच्या असेंब्लीत शोभले असते.

हे मी त्याला जाऊन सांगितलं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडापावच्या गाडीशी उभा होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अगं, मला वाटलं अख्खं कॉलेज ओरडतंय. तिकडून काय दिसतंय?” आणि थोड्या वेळाने, “गावात भजनाला कसं, मागून एक म्हातारा नुसता ‘हां बुवा!’ म्हणतो. एकच. तेवढ्यावर माणूस रात्रभर गातो.”

यंदा तो लास्ट इयरला आहे. यादीत बँडचं नाव द्यायचं नाही, असं सध्या तरी चाललंय. बादल्यांचा आवाजही येत नाही, शेजारच्या रूमवाल्यांनाच चुकल्यासारखं होतंय म्हणे. पुढच्या वर्षी कोणी पुण्याला असेल, कोणी बंगळूरला, आणि चौघं एका स्टेजवर यायची शक्यता शून्य. नंतर रियुनियनला आपण म्हणू, “आपल्या कॉलेजात एक सही बँड होता.” तेव्हा म्हणून काय उपयोग?

ज्यांना डीजे हवाय त्यांच्याशी माझं भांडण नाही. डीजे लागणारच आहे, मीही नाचणार आहे. माझं बोलणं त्या अकरा जणांशी आहे, आणि ज्यांनी मला सांगितलं नाही त्या बाकीच्यांशी. स्टाफशीही आहे, कारण दुसऱ्या रांगेतल्या एका सरांचा पाय गाण्यावर हलत होता, मी बघितलाय. सर, पाय ऐकू येत नाही! आवडलं तर त्याच क्षणी आवाज करा. नाही आवडलं तर खुशाल बाहेर जाऊन चहा प्या, तोही एक सभ्य प्रतिसाद आहे. आणि गॅदरिंगच्या कमिटीला एक विनंती: या वेळी मंडपाची दोन्ही दारं उघडी ठेवा. पाऊस नसला तरी.

शिट्टीचं म्हणाल तर मेसच्या मावशींना विचारा. लहानपणी माहुलीच्या पायथ्याशी शेळ्या राखायच्या, तेव्हाची त्यांची शिट्टी आहे. जिभेखाली दोन बोटं घालून अशी मारतात की भटारखान्यातली भांडी वाजतात. रोज संध्याकाळी कणीक भिजवून झाली की त्या मला शिकवतात. “पोरी, लाजू नको, पोटातून वारा सोड,” म्हणतात. मला अजून नीट येत नाही, नुसती हवा जाते. पण हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हाही गॅदरिंगला तीन आठवडे असतील, आणि मावशी म्हणतात तेवढे पुरतात.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन,
मुलींचे वसतिगृह